बोटीवरची झिंकची वडी आणि बारावीचा गॅल्व्हॅनिक सेल: दोन भांडी आणि सॉल्ट ब्रिज कुठंय?

बंदरावरचा_पोर

नमस्कार मंडळी, मी हर्णेचा, यंदा बारावी सायन्स. क्लासमध्ये इलेक्ट्रोकेमिस्ट्री चालू आहे आणि डॅनियल सेल शिकवून झालाय, एका भांड्यात झिंक सल्फेट आणि झिंकची पट्टी, दुसऱ्यात कॉपर सल्फेट आणि तांब्याची पट्टी, मध्ये सॉल्ट ब्रिज, वरून वायर, व्होल्टमीटरवर १.१०. हे सगळं पाठ आहे. पण मामाची बोट सध्या पावसाळी मासेमारीबंदीमुळे वर ओढलेली आहे (१ जून ते ३१ जुलै), अंग फायबरचं, सुकाण लोखंडी, पंखा ब्राँझचा, आणि सुकाणावर दोन्ही बाजूंना झिंकच्या वड्या बसवल्यात. मामा म्हणतो त्या सुकाण वाचवतात. सर पण म्हणाले हा गॅल्व्हॅनिक सेलच आहे. मग माझा प्रश्न असा की दोन भांडी कुठायत, सॉल्ट ब्रिज कुठाय, वायर कुठाय, आणि झिंकने सोडलेले इलेक्ट्रॉन घेतं कोण, कारण समुद्रात कॉपर सल्फेट तर नाहीये. दुसरं म्हणजे डाव्या बाजूची वडी खाऊन अर्धी झालीय आणि उजवीकडची अगदी नव्यासारखी आहे. मामाला वाटतं उजवी चांगल्या क्वालिटीची लागली. खरंच तसं असतं का?

सुकाणू

भावा पहिला प्रश्न इथले शिकलेले लोक सांगतील, दुसऱ्याचं मी सांगतो, मिरकरवाड्याला वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलंय. नव्यासारखी राहिलेली वडी चांगल्या क्वालिटीची नसते, ती काम करत नसते. वडी खाल्ली जाणं हेच तिचं काम. आता जाऊन बघ, उजव्या वडीवर रंग मारलाय का? आणि बोल्टखाली गंजाचा थर आहे का? वडीच्या आत लोखंडी पट्टी ओतलेली असते, ती सुकाणाला वेल्डिंग केलीय की नुसती बोल्टने आवळलीय ते पण सांग.

बंदरावरचा_पोर

दादा बरोबर बोललात, उजवीवर तळाला मारतात तोच लाल रंग आहे, पूर्ण वडी झाकलीय. रंगाऱ्याने एका बाजूने सुरुवात केली आणि सगळंच रंगवून टाकलं असं मामा म्हणाला. दोन्ही बोल्टवरच आहेत.

देवगडकार

आमच्याकडे देवगडाक बोट वर काढली की पयला काम म्हणजे झिंक बघूचा. रंगवलेला झिंक म्हणजे नसलेलाच झिंक.

शिंपला_रत्नागिरी

वाचून खूप आनंद झाला, असे प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर लांबलं.

आधी भांड्यांचं बघू. डॅनियलने १८३६ मध्ये दोन भाग वेगळे का केले? कारण झिंकची पट्टी सरळ कॉपर सल्फेटमध्ये बुडवली तरी रिअ‍ॅक्शन तीच होते, पट्टीवर तांबं चढतं, निळा रंग फिका पडतो, पण झिंकचे इलेक्ट्रॉन जागच्या जागी तांब्याच्या आयनला मिळतात, वायरमधून कोणी जात नाही आणि आपल्या हातात करंट काही येत नाही. इलेक्ट्रॉनने लांबच्या वाटेने जावं म्हणून घेणारा आणि देणारा वेगळे ठेवायचे. म्हणजे दोन भांडी ही आपली सोय आहे, सेल असायची अट नाही. अट एवढीच की ऑक्सिडेशन एका जागी व्हावं, रिडक्शन दुसऱ्या जागी, दोन्ही जागा धातूने जोडलेल्या असाव्यात म्हणजे इलेक्ट्रॉन जातील, आणि आयन हलतील असं पाणी मध्ये असावं.

आता बोटीवर बसव हे. देणारी जागा वडी. घेणारी जागा सुकाणाचा लोखंडी पृष्ठभाग. वायर म्हणजे तो बोल्ट आणि लोखंड स्वतः. आणि सॉल्ट ब्रिज म्हणजे अख्खा अरबी समुद्र, लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, सोडियम आणि क्लोराइडचे आयन हवे तेवढे. वडीकडे झिंकचे धन आयन साचायला लागले की क्लोराइड तिकडे सरकतात, सुकाणाकडे सोडियम. प्रयोगशाळेतल्या नळीत पोटॅशियम क्लोराइड जे करतं तेच.

आणि तुझा सगळ्यात चांगला प्रश्न, इलेक्ट्रॉन घेतं कोण. मुलं नेहमी ऑक्सिडेशनचं अर्ध समीकरण लिहितात आणि थांबतात, "झिंक जास्त अ‍ॅक्टिव म्हणून तेच गंजतं" एवढं लिहून मोकळी होतात. दुसरं अर्ध लिहिल्याशिवाय काहीच कळलेलं नसतं. इथे घेणारा आहे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन:

अ‍ॅनोड (वडी): झिंक → झिंक(२+) + २ इलेक्ट्रॉन
कॅथोड (सुकाण): ऑक्सिजन (ओ२) + २ पाणी + ४ इलेक्ट्रॉन → ४ हायड्रॉक्साइड(१−)

वरचं दोनने गुणायचं म्हणजे इलेक्ट्रॉन चार-चार होतात आणि कटतात. बघ, लोखंड कुठल्याच समीकरणात नाही. ते फक्त जागा देतंय. वडी नसती तर तिथेच, त्याच सुकाणावर, लोखंड → लोखंड(२+) + २ इलेक्ट्रॉन हे चाललं असतं आणि ऑक्सिजनने लोखंडाचे इलेक्ट्रॉन घेतले असते. ऑक्सिजनला कुणाचे तरी घ्यायचेच आहेत. वडी ते पुरवते आणि लोखंडाला इतकं निगेटिव ठेवते की त्याचा अणू आयन होऊन बाहेर पडू शकत नाही.

रंगाने काय झालं ते आता आपोआप कळेल. झिंकचे आयन पाण्यात उतरायला जागाच नाही, म्हणजे ऑक्सिडेशनचं अर्ध बंद, म्हणजे सेलच बंद.

खारफुटी

ताई सुंदर. एक शंका, मी एमपीएससीचा अभ्यास करतोय आणि नेहमी इथेच अडकतो, अ‍ॅनोड पॉझिटिव की निगेटिव? एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरं.

शिंपला_रत्नागिरी

चिन्ह पाठच करू नका. अ‍ॅनोड म्हणजे जिथे ऑक्सिडेशन होतं ती जागा, कॅथोड म्हणजे जिथे रिडक्शन, हे कधीही बदलत नाही. गॅल्व्हॅनिक सेलमध्ये झिंक आपणहून इलेक्ट्रॉन मागे सोडून जातं, ते पट्टीवर साठतात, म्हणून अ‍ॅनोड निगेटिव. इलेक्ट्रोलिसिसमध्ये बाहेरची बॅटरी जबरदस्तीने इलेक्ट्रॉन ओढून नेते, ज्या टोकाला ओढते ते पॉझिटिव, आणि ऑक्सिडेशन तिथेच होतं म्हणून तोच अ‍ॅनोड. इलेक्ट्रॉन दोन्हीकडे बाहेरच्या वायरीतून अ‍ॅनोडकडून कॅथोडकडेच जातात.

सुकाणू

मॅडम एक माझं पण घ्या. या पोराच्या मामाच्या पंख्यावर गुलाबी-तांबूस डाग असणार बघा, मी पैजेवर सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बोटींचे पंखे असे होतात, हातोडीने टकटक केली तर घणघण वाजायच्या ऐवजी थापटल्यासारखा आवाज येतो. मालक म्हणतो सुकाणावर झिंक आहे ना मग पंखा का खराब झाला. फायबरची बोट आहे, सुकाण वेगळं, शाफ्ट वेगळा, दोघांचा धातूने धातूला संबंध कुठाय? मी आतून तांब्याची जाड वायर टाकून सुकाण, शाफ्ट आणि इंजिन जोडून देतो आणि शाफ्टवर वेगळी झिंकची रिंग.

बंदरावरचा_पोर

दादा डाग आहेत!! आत्ता फोटो काढायला गेलो तर पात्यांच्या कडांना आहेत.

शिंपला_रत्नागिरी

सुकाणूंनी जे सांगितलं ते मी वर्गात नक्की सांगणार. पाणी सामाईक आहे पण वायर नाही, म्हणजे सर्किट अर्धंच. सुकाणाच्या वडीचे इलेक्ट्रॉन पाण्यातून पोहत पंख्यापर्यंत जात नाहीत, पाण्यातून फक्त आयन जातात. मग पंख्यासाठी ती वडी असून नसून सारखी.

आणि तो गुलाबी डाग म्हणजे काय तर बाजारात ज्याला मँगनीज ब्राँझ म्हणतात त्यात खरं तर तांबं आणि बरंच जस्त असतं, पितळच ते. समुद्रात मिश्रधातूतलं जस्त निघून जातं आणि भुसभुशीत तांबं मागे राहतं, आवाज बदलतो तो म्हणूनच. वडी जोडलेली असली की पंखा अख्खाच कॅथोड होतो आणि त्याचं स्वतःचं जस्त जागेवर राहतं.

इतिहासवेडा_अलिबाग

धाग्यात जरा इतिहास टाकतो, विषय त्यातलाच आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये अलार्म नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, कालवं आणि लाकूड पोखरणारे किडे लागू नयेत म्हणून. दोन वर्षांत तपासलं तर लोखंडी खिळे पार गेले होते. पत्रे कागदात गुंडाळून आले होते आणि काही खिळ्यांच्या डोक्याखाली तो कागद तसाच राहिला होता, तेवढे खिळे शाबूत होते असं सांगतात. तेव्हा व्होल्टाचा पाइल, म्हणजे पहिली बॅटरीसुद्धा आली नव्हती, तो १८०० चा.

पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने उलटं केलं, तांब्याचे पत्रेच झिजतात म्हणून त्यांना झिंक आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. पण तळाला कालवं आणि शेवाळ वाढायला लागलं, कारण तांबं झिजताना जे आयन पाण्यात जात होते तेच जीवजंतूंना दूर ठेवत होते. जहाजं मंद झाली आणि नौदलाने ते काढून टाकलं. डेव्हीचं विज्ञान शंभर टक्के बरोबर होतं हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शिंपला_रत्नागिरी

अलार्मचं उदाहरण फारच नेमकं दिलंत. त्यात अजून एक गोष्ट दडलीय, क्षेत्रफळ. तांब्याचा पत्रा प्रचंड मोठा आणि खिळा एवढासा. ऑक्सिजन पत्र्यावर सगळीकडे इलेक्ट्रॉन घेत असणार आणि ते सगळे पुरवायचे त्या चिमुकल्या खिळ्याने. दोन्ही अर्धांमधला करंट एकच असतो, म्हणून कॅथोड मोठा आणि अ‍ॅनोड छोटा असला की अ‍ॅनोड भराभर जातो. म्हणूनच फक्त लोखंड रंगवून ब्राँझ उघडं ठेवणं वाईट, रंगाला जिथे ओरखडा पडतो तिथे सगळा भार येतो आणि भोक पडतं. रंग कमी असेल तर आधी कॅथोडला मारा.

बंदरावरचा_पोर

ताई मग झिंकच का? इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या टेबलमध्ये झिंक −०.७६, लोखंड −०.४४, पण अ‍ॅल्युमिनियम −१.६६ आणि मॅग्नेशियम −२.३७ आहे, ते तर जास्त निगेटिव. आणि ०.३२ व्होल्ट एवढ्याशा फरकाने भागतं?

शिंपला_रत्नागिरी

ते टेबल स्टँडर्ड कंडिशनचं, १ मोलर द्रावण आणि २५ अंश. समुद्रात झिंकचे आयन १ मोलर कुठून असणार. नर्न्स्टचं समीकरण त्यासाठीच आहे, ०.०५९२ भागिले एन (देवाणघेवाण होणारे इलेक्ट्रॉन) गुणिले आयनांच्या प्रमाणाच्या गुणोत्तराचा लॉग, तेवढं वजा करायचं. डॅनियल सेलमध्ये कॉपरचे आयन ०.०१ मोलर केले आणि झिंक १ मोलर ठेवलं तर १.१० चं १.०४ होतं, करून बघ, एन दोन आहे हे विसरू नकोस. आणि इथेच सांगते, परीक्षेत नेहमी चुकतं, समीकरण दोनने गुणलं म्हणून व्होल्टेज दोनने गुणायचं नाही. झिंक आणि चांदीचा सेल १.५६ च येतो, चांदीच्या ०.८० ची दुप्पट करून नाही. गुणाकार होतो तो ऊर्जेचा, डेल्टा जीमध्ये (सेलमधून मिळणाऱ्या ऊर्जेत) एन बसतो, डॅनियलसाठी २ × ९६४८५ × १.१० म्हणजे साधारण −२१२ किलोज्यूल.

अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, तो अर्ध समीकरण अडवतो, म्हणून शुद्ध अ‍ॅल्युमिनियम समुद्रात टेबलइतकं निगेटिव वागत नाही. त्यात थोडं झिंक आणि इंडियम घातलं की थर टिकत नाही, तशा वड्या समुद्रात वापरतात आणि चांगल्या चालतात. मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात फार वेगाने संपतं, ते गोड्या पाण्याला बरं, घरच्या गीझरमध्ये आत जो दांडा असतो तो बहुतेक मॅग्नेशियमचाच. म्हणून समुद्राच्या पाण्यात मोजलेली वेगळी यादी वापरतात, त्यात झिंक साधारण −१.०३ आणि साधं लोखंड −०.६ ते −०.७ च्या आसपास येतं, संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत मोजायचं तो, कॅलोमेलचा.

सुकाणू

एवढं सगळं ठीक, मालक विचारतो वडी किती दिवस पुरेल.

शिंपला_रत्नागिरी

फॅरडेने हिशोब दिलाय. ६५.४ ग्रॅम झिंक म्हणजे २ × ९६४८५ कूलोम, भागाकार केला की १ अँपिअर-तासाला १.२२ ग्रॅम झिंक. १ अँपिअर वर्षभर सतत वाहिला तर १०.७ किलो जाईल. छोट्या सुकाणावर समजा ५० मिलिअँपिअर धरले आणि बोट ३०० दिवस पाण्यात, तर ३६० अँपिअर-तास, म्हणजे ४४० ग्रॅम. प्रत्यक्षात थोडं जास्तच धरायचं कारण झिंक स्वतःच्या अंगावरही थोडं गंजतं, तिथला ऑक्सिजन त्याच्याकडूनच सरळ इलेक्ट्रॉन घेतो.

आमसूल

मी सावंतवाडीहून. मुलीचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रोजेक्ट आहे, कोकमाच्या आगळात (आंबट रसात) झिंकची पट्टी आणि तांब्याची पट्टी बुडवून घड्याळ चालवलं, मस्त चालतं. परीक्षकांनी विचारलं कॅथोडवर काय होतं तर तिने सांगितलं कॉपर(२+) + २ इलेक्ट्रॉन → कॉपर, तर ते म्हणाले विचार कर. काय चुकलं?

शिंपला_रत्नागिरी

परीक्षक चांगले भेटले. आगळात कॉपरचे आयन आहेत कुठे? तांब्याची पट्टी आहे, पण ती धातू आहे, तिला इलेक्ट्रॉन नकोयत. कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक अ‍ॅसिड आहे, त्याचे हायड्रोजन आयन आहेत, ते घेतात: २ हायड्रोजन(१+) + २ इलेक्ट्रॉन → हायड्रोजन वायू. शिवाय विरघळलेला ऑक्सिजन आहे, तोही घेतो. तांबं इथे नुसती जागा देतंय, बोटीवर लोखंड देतं तशीच. पुरावा पण सोपा आहे, तांब्याऐवजी ग्रॅफाइटची कांडी लावली तरी सेल चालतो. मीटरवर ०.९ ते १ व्होल्टच्या आसपास दिसेल, १.१० हा आकडा डॅनियलचा, याचा नाही. लाल एलईडीला १.८ व्होल्ट तरी लागतात म्हणून दोन-तीन ग्लास सीरिजमध्ये लावावे लागतील आणि तरी उजेड मंदच.

आणि हेच आगळ कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात रात्रभर का ठेवू नये तेही तिला याच हिशोबाने काढायला सांगा. तांब्याचं +०.३४ आहे, म्हणजे हायड्रोजन आयन त्याला विरघळवू शकत नाहीत, पण हवेतला ऑक्सिजन आम्लात +१.२३ ला इलेक्ट्रॉन घेतो, तो विरघळवतो.

बंदरावरचा_पोर

ताई मी घरी बादलीत करून बघितलं. समुद्राचं पाणी, एक खिळा आणि वडीतून तासलेला झिंकचा तुकडा. दोन्ही सुटे असताना मीटरवर ०.३ च्या थोडं वर. मग मीटर करंटवर लावून जोडले तर सुरुवातीला जास्त आणि मग हळूहळू उतरत गेला, आणि पाणी काठीने ढवळलं की परत वाढतो! थांबलं की उतरतो. झिंकचा तुकडा मोठा घेतला तरी फारसा फरक नाही पण अजून एक खिळा जोडला की वाढतो. आणि कॉलेजातून फिनॉल्फथॅलिनचे थेंब आणून टाकले तर खिळ्याभोवती गुलाबी झालं, झिंककडे नाही.

शिंपला_रत्नागिरी

शाब्बास! हे तुझ्या जर्नलमध्ये लिहीच. ढवळल्यावर करंट वाढतो कारण खिळ्याजवळचा ऑक्सिजन संपलेला असतो आणि नवा येतो. म्हणजे या सेलचा वेग रिडक्शनचं अर्ध ठरवतंय, झिंक नाही, म्हणून झिंक मोठं करून उपयोग झाला नाही आणि खिळा वाढवल्यावर झाला. गुलाबी रंग म्हणजे हायड्रॉक्साइड, जे कॅथोडच्या समीकरणात उजवीकडे लिहिलंय तेच डोळ्यांना दिसलं. आता पाणी उकळून बंद बाटलीत गार करून तेच कर, उकळल्याने ऑक्सिजन निघून जातो, करंट कमी यायला हवा.

बंदरावरचा_पोर

करतो. उजव्या वडीचा रंग खरवडला, बोल्ट काढून खालचं लोखंड पॉलिश पेपरने चमकवलं, मीटरवर वडी ते सुकाण आता १ ओहमच्या खाली आहे. शाफ्टची वायर मामा रविवारी टाकून घेतोय. एक शेवटचं, बादलीतल्या झिंकवर पांढरी भुकटी आलीय आणि दोन दिवसांनी खिळ्यावर पण पातळ पांढरा थर दिसतोय, झिंक खिळ्यावर जाऊन बसलं का?

शिंपला_रत्नागिरी

झिंकवरची भुकटी म्हणजे झिंकचं हायड्रॉक्साइड आणि त्याची क्लोराइडसकट बनलेली संयुगं. खिळ्यावरचा थर मात्र झिंकचा नाही. तिथे हायड्रॉक्साइड वाढलं की समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पृष्ठभागावर बसतं. व्हिनेगरचा थेंब टाकून बघ, चुना असेल तिथे बारीक बुडबुडे येतील.

सुकाणू

मॅडम म्हणजे बोट वर काढल्यावर सुकाणावर आणि पंख्यावर जो पांढरा कडक थर असतो तो हाच? आमची पोरं तो घासून चकचकीत करतात.

शिंपला_रत्नागिरी

हाच. त्याच्यामुळे ऑक्सिजनला धातूपर्यंत पोचायला अडचण होते, करंट कमी लागतो आणि वडी जास्त टिकते. सुकाणावरचा ठेवा. पंख्यावरचा मात्र काढावा लागेल, पातं खडबडीत झालं तर डिझेल जास्त जातं.